खंडाने दिलेला किनारा

दक्षिणेच्या यात्रेला निघालेला मराठी प्रवासी तंजावरला हटकून थांबतो. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला तो पाहतो, सरस्वती महालातल्या पोथ्यांचे दर्शन घेतो, आणि संध्याकाळच्या गाडीने रामेश्वरची वाट धरतो. तंजावरच्या राज्याला समुद्रही होता, ही गोष्ट सहसा त्याच्या ध्यानी येत नाही. येण्याचे कारणही नाही. आपल्या मनातले तंजावर हे देवळांचे, ग्रंथांचे, गाण्याचे आणि नाटकांचे. गलबते, वखारी आणि परदेशी व्यापारी यांच्याशी त्याचा संबंध जोडायला आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

परंतु एक दिवस हाताशी असेल, तर तंजावरहून रामेश्वरकडे न वळता पूर्वेकडे निघावे. कावेरी आणि तिचे अनेक फाटे सोबतीला असतात. कुंभकोणम मागे पडते, पूर्वी ज्याला मायावरम म्हणत ते मयिलाडुतुरै येते, आणि तेथून सुमारे तीस किलोमीटरवर भातखाचरे संपून माडांची गर्दी सुरू होते. पोरैयार नावाचे गाव ओलांडले की रस्त्यावर अकस्मात एक चुन्याने रंगवलेली पांढरी वेस उभी राहते. ही वेस तमिळ धाटणीची नाही आणि इंग्रजी धाटणीचीही नाही. तिच्यातून आत गेले की एक सरळ रस्ता थेट समुद्रापर्यंत पोचतो. चालत जायला दहा-बारा मिनिटे पुरतात. या रस्त्याला आजही ‘किंग स्ट्रीट’ म्हणतात, आणि ज्या राजाच्या नावाने तो ओळखला जातो तो इंग्लंडचा नसून डेन्मार्कचा होय.

गावाचे नाव तरंगमबाडी. गाणाऱ्या लाटांचे गाव, असा त्याचा अर्थ लोक सांगतात. डॅनिश लोकांच्या जिभेवर त्याचे ‘त्रांकेबार’ झाले आणि इंग्रजांनी ते ‘ट्रँकेबार’ करून टाकले. रस्त्याच्या दुतर्फा जुनी घरे, खांबांचे व्हरांडे, १७०१ सालचे झायन चर्च, त्याहून थोडे नवे १७१८ चे न्यू जेरुसलेम चर्च, मग एक मोकळे पटांगण आणि पटांगणाच्या पलीकडे समुद्राकडे तोंड करून बसलेला वाळूच्या रंगाचा ठेंगणा किल्ला, डॅन्सबोर्ग. दुपारच्या वेळी या रस्त्यावर शाळा सुटलेली मुले आणि सावलीतली कुत्री यांखेरीज फारसे कोणी भेटत नाही. पाँडिचेरीच्या रस्त्यांवर जी वर्दळ असते तिचा येथे मागमूस नाही. किल्ल्यात एक लहानसे वस्तुसंग्रहालय आहे, ते पाहायला तासभर पुरतो. घाईच्या प्रवाशाला वाटते, पाहून झाले.

या किल्ल्याची हकीकत मात्र तासाभरात आटोपणारी नाही. किल्ला डेन्मार्कच्या राजाचा, पण त्याखालची जमीन तंजावरच्या राजाची. ती खंडाने दिलेली होती, आणि पुढे जवळजवळ सव्वादोनशे वर्षे जे काही घडले ते या मालक-कुळाच्या नात्यातून घडले. हिंदुस्थानात आलेले युरोपीय आरंभी सगळेच कुणा ना कुणाचे कूळ म्हणून आले. इंग्रज, फ्रेंच, डच यांनी पुढे मालकाचीच जमीन बळकावली. डॅनिश लोकांना ते कधी साधले नाही. तेवढे बळच त्यांच्यापाशी नव्हते, आणि या दुबळेपणातच तरंगमबाडीच्या इतिहासाची सारी गोडी आहे.

त्यांचे येणेसुद्धा एका फसगतीतून घडले. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियान याने १६१६ साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. डच आणि इंग्रज पूर्वेच्या व्यापारात गबर होत होते. आपणही मागे का राहावे, हा साधा विचार. १६१८ मध्ये जो काफिला निघाला, त्याचा नायक ओव्हे येड्डे याने तेव्हा वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. सिलोनच्या राजाचा वकील म्हणवणाऱ्या एका डच गृहस्थाच्या शब्दावर विसंबून ही मंडळी सिलोनला निघाली. वाटेत तो वकीलच मरण पावला, आणि सिलोनला पोचल्यावर कळून चुकले की तेथे कोणी त्यांची वाट पाहत बसलेले नाही. पुढे पाठवलेले एक जहाज पोर्तुगीजांनी कारैकालजवळ बुडवले. त्यातून वाचलेला रोलंट क्रापे आणि त्याचे मूठभर सोबती तंजावरच्या दरबारी पोचले. तेव्हा तंजावरला नायक राजे होते, आणि गादीवर रघुनाथ नायक होता. तो स्वतः कवी, संगीताचा जाणकार आणि मुरब्बी राजकारणी. पोर्तुगीज बंदरांना शह द्यायला आणखी एक व्यापारी आपल्या किनाऱ्यावर असला तर बरेच, हे त्याने ओळखले. नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. किनाऱ्यावरची काही मैलांची पट्टी डॅनिश कंपनीला मिळाली आणि खंड ठरला. वर्षाला ३,१११ रुपये हा आकडा इतिहासग्रंथांत बहुधा दिलेला असतो. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठवलेले पत्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही जपून ठेवलेले आहे.

तरंगमबाडी तेव्हा काही ओसाड वाळवंट नव्हते. पांड्य राजा मारवर्मन कुलशेखराच्या काळात, १३०६ साली बांधलेले मासिलामणिनाथाचे शिवालय समुद्रकाठी उभे होते. कोळ्यांची वस्ती होती, मुसलमान व्यापाऱ्यांची होती. डॅनिश लोक वसलेल्या गावात पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी त्याभोवती आपला किल्ला व पुढे तट घातला, एवढेच.

त्यांच्या व्यापाराची कथा लांबवण्यात अर्थ नाही. मिरी आणि कापड हा मुख्य माल. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या माणसांचाही व्यापार या बंदरातून झाला, हे मात्र विसरून चालणार नाही. नफा क्वचितच झाला. युरोपातल्या युद्धांत डेन्मार्क कंगाल झाले, कंपनी १६५० साली मोडीत निघाली आणि तरंगमबाडीचा विसर पडला. १६३९ नंतर जवळजवळ तीस वर्षे मायदेशाहून एकही जहाज आले नाही. तीस वर्षे! किल्ल्यातली माणसे तापाने, म्हातारपणाने, आपसांतल्या भांडणांनी एकेक करून संपत गेली. १६५५ च्या सुमारास एस्किल अँडरसन काँग्सबाक्के नावाचा एकच डॅनिश मनुष्य उरला. तो सरदार नव्हता की मोठा अधिकारी नव्हता. त्याला लिहिता-वाचताही येत नसे असे सांगतात. पण या माणसाने निशाण उतरवले नाही. स्थानिक शिपाई हाताशी धरून त्याने बंगालची गलबते अडवली आणि त्या लुटीच्या पैशातून गावाला तट बांधला. ही सरळसरळ चाचेगिरी होती, तिला दुसरे नाव देता येत नाही. नायकाच्या फौजेने वेढा घातला तेव्हा याच तटाआडून त्याने ठाणे राखले. १६६९ मध्ये ‘फेरो’ नावाचे जहाज किनाऱ्याला लागले, तेव्हा किल्ल्यावर डेन्मार्कचेच निशाण फडकत होते. कोपनहेगनने मग त्यालाच रीतसर अधिकारी नेमले. इतकी वर्षे ज्याचा विसर पडला होता, त्याच्या कामावर शिक्कामोर्तब करण्यावाचून सरकारला दुसरे काय सुचणार?

याच सुमारास मालक बदलला. १६७५-७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर घेतले आणि नायकांची राजवट संपली. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले, तेव्हा कोल्लिडम नदीच्या आसमंतात या दोघा भावांची भेट झाली, आणि ती फारशी प्रेमाची ठरली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भेटीच्या ठिकाणापासून एक-दोन दिवसांच्या रपेटीवर डेन्मार्कच्या राजाचे कूळ बसलेले होते, ही गोष्ट मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. आता खंड आणि नजराणे भोसल्यांकडे जाऊ लागले.

मालक आणि कूळ यांचे नेहमीच गोडीगुलाबीने चालले असे नव्हे. खंड तुंबला, हद्दीवरून तंटा झाला, की तंजावरचे स्वार पोरैयारपर्यंत येत. सतराव्या शतकाच्या अखेरीस शाहजीराजांच्या फौजेने ठाण्याला कडेकोट वेढा घातला होता. मद्रासच्या इंग्रजांनी माणसे धाडली म्हणून डॅनिश लोकांची सुटका झाली. इंग्रजांनी हा उपकार शेजारधर्म म्हणून केला नव्हता. किनाऱ्यावरचे एक टोपीवाल्यांचे ठाणे देशी राजाने पाडले, तर उद्या दुसरेही पाडील, हा हिशेब त्यामागे होता. त्या वेढ्यात तंजावरकरांचे काय हुकले, हे कळायला पुढची शंभर वर्षे जावी लागली.

९ जुलै १७०६ या दिवशी तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर दोन तरुण जर्मन पाद्री उतरले. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजाने त्यांना धर्मप्रसारासाठी पाठवले होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते डोळ्यांसमोर नकोत. व्यापाऱ्याला गावात धर्माचा तंटा परवडत नाही, आणि राजाने परस्पर पाठवलेली माणसे तर मुळीच नाहीत. १७०८ मध्ये गव्हर्नराने झीगेनबाल्गला याच किल्ल्यात चार महिने कोंडून ठेवले. किल्ला पाहताना समुद्राकडच्या त्या अंधाऱ्या कमानदार खोल्यांत जरा अधिक वेळ उभे राहावे.

झीगेनबाल्ग तमिळ कसा शिकला, याची हकीकत मोठी मौजेची आहे. त्याने एका वृद्ध पंतोजीला आपल्याच घरी शाळा भरवायला लावली आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवली. दोन-अडीच वर्षांत तो तमिळ ग्रंथ वाचू लागला. नुसता वाचू लागला असे नाही, तर त्याने ताडपत्रांवरील ग्रंथांचा संग्रह केला आणि १७०८ मध्ये त्यांची टिपणांसह यादी तयार केली. मुलींसाठी शाळा काढली. १७१३ मध्ये दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक मोठा ग्रंथ जर्मनमध्ये लिहून त्याने हाले येथील गुरुजनांकडे छापण्यासाठी पाठवला. उत्तर आले ते असे, की तुम्हाला तिकडे मूर्तिपूजा नाहीशी करायला पाठवले आहे, तिच्या गोष्टी युरोपात पसरवायला नव्हे. तो ग्रंथ छापून निघाला १८६७ मध्ये, आणि तो मद्रासेत. मधली दीडशे वर्षे तो दप्तरात पडून होता. जो मनुष्य मत पालटायला आला, त्याला ज्यांचे मत पालटायचे त्यांचे शास्त्र आधी आदराने वाचावेसे वाटले, आणि त्याबद्दल त्याच्याच माणसांनी त्याला दटावले. त्याचा धर्मप्रसार कोणाला रुचो अथवा न रुचो, या दटावणीत न्याय गुरुजनांच्या बाजूचा नव्हता एवढे म्हणावेच लागते.

छापखान्याची कथाही अशीच अडखळत पुढे जाते. लंडनच्या एका धर्मसंस्थेने यंत्र आणि लॅटिन खिळे पाठवले. जहाज ब्राझीलजवळ फ्रेंचांच्या हाती सापडले आणि छापखाना पैसे भरून सोडवून घ्यावा लागला. सोबत निघालेला मुद्रक वाटेतच वारला. यंत्र १७१२ मध्ये पोचले, तमिळ खिळे हालेहून १७१३ मध्ये आले, पण ते आकाराने फार मोठे, कागद पुरेना. तेव्हा लहान खिळे येथेच ओतले गेले. त्यासाठी शिसे कमी पडले म्हणून इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांची झाकणे वितळवली, असे सांगतात. १७१५ च्या सुमारास नवा करार तमिळमध्ये छापून पुरा झाला. पोरैयारला कागदाचा कारखानाही निघाला, तो मात्र टिकला नाही. हिंदुस्थानात मुद्रण गोव्याला १५५६ मध्येच आले होते आणि तमिळ पुस्तके त्या शतकातच छापली गेली होती, तेव्हा ‘पहिला छापखाना’ हा मान तरंगमबाडीला देता येत नाही. पण मधल्या काळात जी परंपरा खंडित झाली होती ती येथे पुन्हा सुरू झाली आणि नंतर थांबली नाही. झीगेनबाल्ग १७१९ मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला. न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

झीगेनबाल्गला तंजावर पाहायचे होते. १७०९ मध्ये देशी वेष करून तो निघालाही होता, पण राजाच्या हद्दीत थोडे आत जाताच त्याला परतावे लागले. जी वाट त्याला बंद राहिली ती पुढे दुसऱ्या एका पाद्र्याला उघडली. ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्त्झ हा १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला, दहा-बारा वर्षे तेथे राहिला, मग तिरुचिरापल्लीला आणि १७७८ पासून तंजावरला. दरबारात बोलता यावे म्हणून तो मराठी शिकला. त्याच्या शब्दाची पत विलक्षण होती. इंग्रजांनी १७७९ मध्ये हैदर अलीकडे बोलणी करायला त्यालाच धाडले. पुढे युद्धाच्या धामधुमीत तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा झाली. सरकार पैसे देईल यावर शेतकऱ्यांचा भरवसा नव्हता, तेव्हा श्वार्त्झने जबाबदारी घेतली आणि धान्याच्या गाड्या आल्या. सरकारी शिक्क्यापेक्षा एका परक्या पाद्र्याचा शब्द रयतेला भारी वाटावा, यात त्याची थोरवी जितकी दिसते तितकीच दोन्ही सरकारांची नाचक्कीही दिसते.

१७८७ मध्ये तुळजाजीराजे निपुत्रिक मरणार हे दिसू लागताच त्यांनी दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि त्याला श्वार्त्झच्या देखरेखीखाली सोपवले. दत्तक अशास्त्रीय आहे असा काही पंडितांनी निर्णय दिला, आणि गादी अमरसिंहाला मिळाली. मुलाचे हाल होऊ लागले. १७९३ मध्ये त्याला मद्रासेस हलवण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने त्याला शिकवले. १७९८ मध्ये दुसऱ्या पंडितांनी दत्तक शास्त्रीय ठरवला आणि सरफोजी गादीवर आला. शास्त्र तेच, पण अकरा वर्षांत त्याचा अर्थ उलटा झाला. लगेच पुढच्या वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. गादी मिळवून देणाऱ्यांनी तिची किंमत अशी वसूल केली.

सरफोजीराजे तेव्हा बावीस वर्षांचे होते. राज्य नसलेल्या राजाने काय करावे, याची उत्तरे त्या काळच्या हिंदुस्थानात पुष्कळांनी दिली, आणि त्यांतली बरीच सांगण्याजोगी नाहीत. सरफोजींनी ग्रंथ जमवले, वैद्यकाचा आणि नेत्रचिकित्सेचा अभ्यास केला, शाळा काढल्या, तरंगमबाडीच्या विद्वान पाद्र्यांशी संबंध ठेवले, आणि तंजावरला ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा छापखाना सुरू केला. या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ देवनागरीत छापून निघाले. मराठीच्या आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. मुंबईत मराठी मुद्रण रुजायच्या आधी कावेरीच्या काठी एक मराठी राजा मुलांसाठी कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी छापत होता. हा सगळा उद्योग म्हणजे पराभवाचे सांत्वन, असे म्हणणारे म्हणतात. म्हणोत बापडे, पण सांत्वनासाठी मनुष्य गाणे-बजावणे करतो, इसापनीतीची प्रुफे तपासत नाही.

आपल्या गुरूसाठी सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्त्झचा हात राजाने धरला आहे असे ते शिल्प तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. राजाने धर्म बदलला नाही आणि गुरूनेही बदलला नाही. धर्म बाजूला ठेवून दोघांत जे देणे-घेणे झाले त्याचा उगम तरंगमबाडीच्या त्या किंग स्ट्रीटवर होता.

याच वेळी कुळाचे दुसरे गाव, बंगालमधले श्रीरामपूर, मराठीच्या उपयोगी पडत होते. कंपनी सरकार पाद्र्यांना आपल्या मुलखात थारा देत नसे, म्हणून विल्यम कॅरे आणि त्याचे सहकारी डॅनिश निशाणाच्या आश्रयाला श्रीरामपुरास राहिले. तेथेच १८०५ मध्ये कॅरेचे मराठी व्याकरण निघाले. नागपूरकडचे वैजनाथ पंडित या कामात त्याचे साहाय्यक होते. डेन्मार्कच्या राजाला मराठी नावाची भाषा आहे हे ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण तिच्या पहिल्या छापील पानांपैकी कित्येकांवर त्याच्या निशाणाची सावली होती.

तरंगमबाडीला खरे वैभव आले ते दुसऱ्यांच्या भांडणात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज, फ्रेंच आणि डच एकमेकांशी लढत असताना डेन्मार्क तटस्थ होते. तटस्थ निशाणाखाली माल सुखरूप जाई, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात खासगी रीत्या जमवलेला पैसाही याच निशाणाखाली गुपचूप युरोपात पोचे. आज जे रुंद रस्ते, उंच खांबांची घरे आणि १७९२ मध्ये नव्याने बांधलेली वेस दिसते ती याच पैशातली. मग नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क इंग्रजांच्या विरुद्ध पक्षाला गेले आणि इंग्रजांनी १८०८ मध्ये गाव ताब्यात घेतले. १८१५ मध्ये ते परत मिळाले, पण मधल्या काळात व्यापार निघून गेला तो कायमचा. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. न लढता, न हरता, रीतसर खरेदीखत करून निघून जाणारे युरोपीय सत्ताधीश हिंदुस्थानने फार पाहिले नाहीत.

इंग्रजांनी जिल्ह्याची कचेरी काही वर्षे येथे ठेवली. समुद्राची हवा कलेक्टरसाहेबांना मानवत असावी. १८६० मध्ये ती तंजावरला गेली. १८६१ मध्ये आगगाडी नागपट्टिणमहून सुरू झाली आणि बंदराचा उरलासुरला व्यापार तिकडे वळला. तरंगमबाडीला मायावरमहून आगगाडी आली ती १९२६ मध्ये, सगळे संपल्यावर. आणि १९८६ मध्ये तीही बंद झाली. गाव शांत राहिले याचे कारण एवढेच, की प्रत्येक नवी वाट त्याला चुकवून गेली. जुनी घरे पाडून नवी बांधावीत इतका पैसा येथे पुन्हा आलाच नाही, आणि म्हणून ती उरली. विपन्नावस्थेने राखलेला असा वारसा आपल्या देशात जागोजागी आहे.

समुद्राने मात्र कधी दुर्लक्ष केले नाही. किनारा आत आत सरकत आला आहे. मासिलामणिनाथाच्या देवळाचा पुढचा भाग लाटांनी गिळला. पुढे त्याचा जीर्णोद्धार झाला. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी त्सुनामीच्या लाटा आल्या, त्यांनी कोळीवाड्यातली माणसे आणि घरे नेली. किल्ला उभा राहिला. त्यानंतर संस्थांनी, सरकारने आणि डेन्मार्कमधल्या काही मंडळींनी गावातल्या जुन्या वास्तूंची दुरुस्ती केली. गव्हर्नराचा बंगला सावरला गेला, एका जुन्या घरात पाहुण्यांसाठी खानावळ-मुक्कामाची सोय झाली. कोळ्यांची नवी घरे समुद्रापासून दूर बांधली गेली. रोजगार मात्र समुद्रातच आहे, तेव्हा जाळी खांद्यावर टाकून रोज तेवढे अंतर चालावे लागते.

तंजावरच्या भोसल्यांचा शेवटचा राजा शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारला आणि कंपनीने गादी खालसा केली. कूळ गाव विकून गेले त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. मालकाच्या दरबारातून कुळाकडे जी पत्रे गेली होती, ती मात्र जहाजांबरोबर डेन्मार्कला पोचली. ती कागदावर आहेत, आणि मोडी लिपीत आहेत. कित्येक पिढ्या तेथल्या संग्रहांत ती नुसती जपून ठेवलेली होती. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषींनी ती लिपी शिकून, अर्थ लावून, भाषांतरासह १९८३ मध्ये ती प्रसिद्ध केली. तंजावरच्या सरस्वती महालात आणि मद्रासच्या दप्तरखान्यात मोडीचे असेच हजारो कागद आहेत. ते वाचू शकणारी माणसे महाराष्ट्रातही दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि तंजावरला तर बोटांवर मोजण्याइतकी.

संध्याकाळी किल्ल्याचा दरवाजा बंद होतो. पटांगणावर मुले क्रिकेट खेळतात, आणि त्यांचा चेंडू कधी कधी तटाला लागून परत येतो. देवळात दिवा लागलेला असतो. मयिलाडुतुरैची बस वेशीबाहेरच्या रस्त्यावर मिळते, आणि ती चुकली तर पोरैयारपर्यंत चालत जावे लागते.